मागून आणलेली बाग : डॉ. विल्यम कॅरी

आमच्या बेळगाव-निपाणीच्या बाजूला वळवाचे चार पाऊस पडून माती ओली झाली, की घराघरांतून एक देवघेव सुरू होते. कुणाच्या परसातून जास्वंदीची फांदी येते, कुणाकडून शेवंतीचे फुटवे, कुणाकडून कर्दळीचा कंद. दोडक्याचे, घेवड्याचे, अबोलीचे बी कागदाच्या पुडीत बांधून या घरचे त्या घरी जाते. रविवारची उपासना आटोपल्यावर मंदिराच्या आवारात भगिनी घोळक्याने उभ्या असतात, तेव्हा त्या पाळकसाहेबांच्या उपदेशाविषयीच बोलत असतील असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळदा पदराच्या टोकाची गाठ सुटते आणि तिच्यातून भोपळ्याच्या बिया निघतात.

या देवघेवीबरोबर एक समजूतही चालत आली आहे. मागून आणलेल्या रोपापेक्षा गुपचूप उचलून आणलेले रोप चांगले लागते, असे आपल्याकडे हसत हसत म्हणतात. आम्हीही एकदा त्या समजुतीचा आधार घेतला. निपाणीकडच्या एका गावी प्रार्थनासभा आटोपून परत येत असता एका बंगल्याच्या कुंपणाबाहेर लाल-पिवळ्या पानांच्या क्रोटनची फांदी आलेली दिसली. दिवेलागणीची वेळ होती, रस्त्यावर कोणी नव्हते. आम्ही ती मोडली आणि पवित्रशास्त्र ठेवायच्या पिशवीत घातली. फांदी लागली, चांगली कमरेएवढी झाली. दोन वर्षांनी त्याच बंगल्याचे मालक काही कामानिमित्त आमच्या दारात आले आणि हे झाड कोठून आणले म्हणून त्यांनी सहज विचारले. आम्ही काय उत्तर दिले ते येथे लिहिण्यासारखे नाही. एवढेच सांगतो, की त्यानंतर डॉ. विल्यम कॅरी यांच्या चरित्रातील बागेचा भाग आम्ही निराळ्या नजरेने वाचू लागलो. कारण त्यांची बाग म्हणजे जवळजवळ सारी दुसऱ्यांच्या बागांतून आलेली होती, आणि तरी कोणी दारात येऊन विचारले असते तर त्यांना मान खाली घालावी लागली नसती.

कॅरी यांचे नाव आपल्या मंडळ्यांना नवीन नाही. ज्या सेरामपूरची पदवी आपल्या पाळकांच्या नावापुढे असते, तेथील कॉलेजच्या संस्थापकांपैकी ते एक. मराठी माणसावर तर त्यांचे विशेष ऋण आहे. इ. स. १८०५ मध्ये त्यांनी मराठी भाषेचे व्याकरण छापले, १८१० मध्ये मराठी कोश काढला आणि १८११ मध्ये मराठी नवा करार छापून दिला. या कामी नागपूरकडचे वैजनाथ पंडित त्यांच्या शेजारी बसत. १८१७ मध्ये त्यांचे कन्नड भाषेचेही व्याकरण निघाले. तेव्हा सीमेच्या कोणत्याही अंगाला उभे राहून भांडले, तरी आपल्या दोन्ही भाषा त्यांच्या छापखान्यातून गेलेल्या आहेत, ही गोष्ट आपण बेळगावकरांनी विसरू नये. पण हे सारे करणारा मनुष्य रोज सकाळी प्रथम बागेत जात असे आणि कोणाकडून काय मागवायचे याचा हिशेब मनात ठेवीत असे, ही बाजू थोड्यांनाच माहीत असते.

त्यांचा जन्म ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्थॅम्प्टन परगण्यात पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर होते, पुढे गावच्या शाळेचे मास्तर झाले. घरची स्थिती बेताची. त्यांचे एक काका पीटर नावाचे होते. ते कॅनडात शिपाईगिरी करून परत आले होते व गावात माळीकाम करीत. काकांना मूलबाळ नव्हते. झाडापेडांचे पहिले शिक्षण विल्यमला या काकांकडून मिळाले असे म्हणावयास हरकत नाही. मुलाच्या खोलीत किडे, पाखरे, पाने, मुळे यांचा इतका पसारा असे, की खोलीचा कोपरा रिकामा सापडत नसे. मुलाला शेतीच करावयाची होती, परंतु उन्हात गेले की त्याच्या कातडीला विकार होई. म्हणून चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याला चांभारकामाच्या उमेदवारीवर ठेवण्यात आले. उन्हात उभे राहवत नाही म्हणून जोडे शिवायला बसलेला हा मुलगा पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षे बाग करील, असे त्या वेळी कोणाला वाटले असते?

जोडे शिवताना ते भाषा शिकले, उपदेशक झाले, मग मोल्टन व लेस्टर येथील बॅप्टिस्ट मंडळ्यांचे पाळक झाले. जेथे राहिले तेथे घरामागे वाफे केलेच. ऑक्टोबर १७९२ मध्ये केटरिंग गावी मिशनरी संस्था स्थापन झाली आणि ता. १३ जून १७९३ रोजी कॅरी कुटुंबासह डॅनिश जहाजावर चढले. कलकत्त्याला पोचायला नोव्हेंबर उजाडला. पुन्हा त्यांनी इंग्लंड पाहिले नाही.

पहिले वर्ष अतिशय हालाचे गेले. हाती पैसा नाही, राहायला घर नाही, कंपनी सरकारची परवानगी नाही. १७९४ मध्ये मुदनाबाटी या ठिकाणी निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी मिळाली, तेव्हा कोठे चूल पेटली. नोकरी लागताच त्यांनी संस्थेला कळवले, की आता आमच्या पोटापाण्यासाठी पैसे पाठवण्याची जरुरी नाही. पण त्याच वेळी दुसरी एक मागणी केली. विळे, कोयते, नांगराची चाके पाठवा, आणि भाज्यांचे, फुलांचे, फळझाडांचे, शेतातल्या व रानातल्या वृक्षांचे जेवढे म्हणून बी मिळेल तेवढे दरवर्षी पाठवा, त्याची किंमत आम्ही भरू. बी कागदात गुंडाळावे किंवा घट्ट बुचाच्या बाटलीत भरावे, ते त्या वर्षीचे असावे व कोरडे असावे. लंडनच्या बियाणेवाल्यांकडे जा, स्नेह्यासोबत्यांच्या पाठीस लागा, असेही त्यांनी लिहिले. या देशाचा त्यात कायमचा फायदा आहे असे त्यांचे म्हणणे होते. येऊन वर्षसुद्धा झाले नव्हते, आणि त्या पत्रात त्यांनी हिंदुस्थानला आपला देश म्हटले आहे.

स्वतःसाठी पैसा नको म्हणणारा माणूस बी मात्र मागतो, हे आम्हाला फार बोलके वाटते. आणि मागताना किंमत देण्याची भाषा करतो, हेही. कोरड्या व ताज्या बियाण्याचा आग्रह का, ते आपल्या शेतकरी वाचकांना सांगायला नको. आफ्रिकेला वळसा घालून येणारे जहाज पाच-सहा महिने समुद्रावर असे. बियाण्यात ओल राहिली तर तळघरातल्या दमट हवेत ते कुजे किंवा वाटेतच मोड येऊन मरे. तेलकट बियांचा जीव तर तसाही लवकर जातो. फांद्या आणि रोपे पाठवणे त्याहून कठीण, कारण त्यांना पाणी लागे, आणि जहाजावर माणसांनाच गोडे पाणी मापून मिळे. पाठवलेल्यातले थोडे जरी उगवले तरी आनंद मानावा, अशी स्थिती होती.

त्याच १७९४ साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर तापाने गेला. आजूबाजूचे लोक जातीच्या भीतीने प्रेताला हात लावीनात व खड्डा खणायलाही माणूस मिळण्याची मारामार झाली. पत्नी डोरोथी यांच्या मनावर आधीच ताण होता, त्यांचे चित्त पुढे पार बिघडले व १८०७ मध्ये मृत्यूने सुटका होईपर्यंत ते ताळ्यावर आले नाही. बारा वर्षे एका खोलीत त्या बाईंचा आक्रोश आणि शेजारच्या खोलीत भाषांतराचे काम, असे ते घर होते. कॅरी यांच्या चरित्रात ही गोष्ट घाईने ओलांडून जाण्याची रीत आहे. आम्हाला ती पसंत नाही. त्या बाईंना हिंदुस्थानात यावयाचेच नव्हते, त्या आग्रहाने आल्या, आणि आमच्या मते त्यांची किंमत त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणी मोजली नाही. कॅरींचे रोज बागेत जाणे हा त्या घरातला काही अंशी विसावा होता, असे आम्ही समजतो. त्यांना दोष देण्यासाठी नव्हे, पण विसावा एकाला मिळाला आणि दुसरीला नाही, हेही नमूद असावे.

जानेवारी १८०० मध्ये ते सेरामपूरला आले. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या राजाकडे होते, म्हणून कंपनीचा हात तेथे पोचत नव्हता. मार्शमन आणि वॉर्ड या सोबत्यांबरोबर त्यांनी घर घेतले, छापखाना घातला, आणि लगतच्या जमिनीवर कॅरींनी बाग आखली. ही बाग वाढत वाढत सुमारे पाच एकरांची झाली. स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने वनस्पतींचे जे वर्ग पाडले आहेत, त्या वर्गांप्रमाणे वाफे घातलेले होते. १८०१ पासून ते कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत व पुढे मराठी शिकवत. आठवड्यातले काही दिवस हुगळी नदीतून होडीने जावे, शिकवावे आणि परत यावे, असा क्रम होता. पगारातले थोडेसे घरखर्चाला ठेवून बाकीचे ते मिशनच्या पेटीत टाकीत.

कलकत्त्यासमोर नदीच्या पलीकडे शिबपूर येथे कंपनीचा वनस्पती बगीचा होता. १७८७ मध्ये तो सुरू झाला आणि १७९३ पासून डॉ. विल्यम रॉक्सबर्ग त्याचे प्रमुख होते. रॉक्सबर्ग आणि कॅरी यांची दाट मैत्री जमली. सेरामपूरहून बी शिबपूरला जाई, शिबपूरहून रोपे सेरामपूरला येत. कॅरींची मुले मोठी होऊन दूर गेली, तीही या मागणीतून सुटली नाहीत. फेलिक्स ब्रह्मदेशात, जेबेझ मोलुक्का बेटांतील अंबोयना येथे, धाकटा विल्यम बंगालच्या आतल्या भागात. वडिलांच्या पत्रांत आत्म्याची काळजी असे, सेवेविषयी सूचना असत, आणि मग तिकडची झाडे, कंद, बी, पाखरे पाठवण्याविषयी सविस्तर मजकूर असे. पेटीत माती कशी भरावी, काय वाळवून पाठवावे, काय ओले पाठवावे, सारे काही. परदेशी गेलेल्या मुलाला लोणचे पाठवणारे आईबाप आपण पाहतो. हे वडील मुलाकडून कंद मागवीत होते.

रॉक्सबर्ग यांनी एका वनस्पती-कुळीला आपल्या मित्राचे नाव दिले. त्या कुळीतला एक वृक्ष आपल्या ओळखीचा आहे. खानापूर, चंदगड, आंबोलीच्या रानांत ज्याला कुंभा म्हणतात तो. उन्हाळ्याच्या तोंडी त्याला मोठी, पांढरी-गुलाबी, केसराळ फुले येतात, रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली पडलेली दिसतात. शास्त्राच्या पुस्तकात त्याचे नाव कॅरिया आर्बोरिया असे आहे. कॅरी साहेब आपल्या मुलखात कधी आले नाहीत, पण त्यांचे नाव आपल्या डोंगरात उभे आहे. लाकडे आणायला जाणाऱ्या आपल्या बांधवांना ते ठाऊक नसते, आणि झाडालाही त्याची गरज नाही. असो.

ता. ११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी छापखान्याला आग लागली. कागद, टाइप, यंत्रसामग्री यांबरोबर वर्षानुवर्षांची हस्तलिखिते जळाली. त्यांत कन्नड नव्या कराराचे सगळे हस्तलिखित होते, तेलुगू व्याकरण होते, आणि अनेक भाषांच्या ज्या महाकोशावर कॅरी कित्येक वर्षे खपत होते त्याचे एकही पान वाचले नाही. त्या कागदांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. एकाच घरात ठेवलेली वस्तू एका रात्रीत जाते. कॅरींनी दुसऱ्या दिवसापासून पुन्हा भाषांतराला आरंभ केला, ही गोष्ट आपण उपदेशांतून ऐकतोच. बागेच्या बाबतीत मात्र ते पहिल्यापासून उलट वागत होते. जे रोप हाती येई त्याचे बी धरून ते दुसऱ्यांना वाटून टाकीत. शिबपूरला देत, ओळखीच्यांना देत, इंग्लंडात लिव्हरपूलच्या वनस्पती उद्यानाला पाठवीत.

आगीनंतर दोनच वर्षांनी, १८१४ मध्ये, त्याच छापखान्यातून एक पुस्तक निघाले. त्याविषयी आम्हाला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. रॉक्सबर्ग आजारी होऊन १८१३ मध्ये मायदेशी गेले. जाताना शिबपूरच्या बागेतील सुमारे ३,५०० वनस्पतींची यादी मागे ठेवून गेले होते. ती कॅरींनी नीट लावून, प्रस्तावना जोडून छापली. हॉर्टस बेंगालेन्सिस असे तिचे लॅटिन नाव, म्हणजे बंगालची बाग. पुस्तक वाचायला अगदी रूक्ष आहे. गोष्ट नाही, वर्णन नाही, नुसते रकाने. शास्त्रीय नाव, देशी नाव, मूळ ठिकाण, फुलण्याचा महिना, बी धरण्याचा महिना. आणि त्यांतच आणखी दोन रकाने आहेत, झाड बागेला कोणी दिले आणि कोणत्या वर्षी आले.

आमच्या मते कॅरींच्या बागेचे सारे रहस्य या दोन रकान्यांत आहे. झाड एकदा रुजले की ते कोणी दिले हे कोण लक्षात ठेवतो? क्रोटनच्या कपाळावर मालकाचे नाव नसते. पण या यादीत ज्याने पुडी दिली त्याचे नाव झाडासमोर छापले आहे. देणारांत कोणी डॉक्टर आहे, कोणी लष्करातला अंमलदार, कोणी दूरच्या बेटावरचा कारकून. डॉ. कॅरी हे नावही जागोजाग येते, देणारांपैकी एक म्हणून. घेणाऱ्याने देणाऱ्याचे नाव लिहून ठेवावे, ही साधी गोष्ट आहे. पण ती केली की चोरी आणि मागणे यांच्यात भिंत उभी राहते.

एक उणीव मात्र आम्हाला खटकते. त्या रकान्यात बहुतेक साहेब लोकांची नावे आहेत. ज्याने रानात शिरून काट्यांतून ते बी वेचले, ज्याने आळे करून रोज पाणी घातले, तो माळी किंवा रानकरी त्यात शोधून सापडणे कठीण. देशी नावाचा रकाना आहे, देशी माणसाचा नाही. त्या काळाची ती रीत होती असे म्हणून आम्ही सोडून देऊ शकतो. परंतु वैजनाथ पंडितांचे नावही आपल्या मंडळ्यांत किती जणांना सांगता येते? तेव्हा दोष एकट्या त्या काळाचा नाही.

रॉक्सबर्ग १८१५ मध्ये वारले. त्यांचा हिंदुस्थानी वनस्पतींवरील मोठा ग्रंथ हस्तलिखितात पडून होता. तोही कॅरींनी हाती घेतला. १८२० व १८२४ मध्ये दोन भाग निघाले, त्यांत शिबपूरचे पुढचे प्रमुख डॉ. वॉलिच यांनी भर घातली होती, आणि १८३२ मध्ये, वयाच्या सत्तरी नंतर, कॅरींनी रॉक्सबर्ग यांचा मजकूर तीन भागांत छापून पुरा केला. हे वॉलिच मूळचे डॅनिश डॉक्टर, सेरामपूरलाच नोकरीस आलेले. मित्राचे काम मित्राच्या नावाने प्रसिद्ध करायचे, आपले नाव संपादक म्हणून खाली घालायचे, हीही एक तऱ्हा पाहण्यासारखी आहे.

एका माणसाच्या मागण्याने आणि वाटण्याने काम किती होणार? म्हणून १८२० च्या एप्रिलमध्ये कॅरींनी एक पत्रक काढून सर्वांसमोर विचार ठेवला, की शेती व बागाइतीच्या सुधारणेसाठी एक सोसायटी असावी. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांच्या पत्नीचा त्यांना पाठिंबा होता. ता. १४ सप्टेंबर १८२० रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये ती स्थापन झाली. त्या पत्रकात कॅरींचा एक आग्रह होता, तो असा की देशी गृहस्थांना युरोपियनांच्या बरोबरीने सभासद होता यावे व अधिकारपदेही घेता यावीत. त्या काळी असे लिहिणे ही लहान गोष्ट नव्हती. सोसायटीने बी मागवले, वाटले, चांगला भाजीपाला पिकवणाऱ्या माळ्यांना बक्षिसे दिली. म्हणजे यादीत ज्यांना जागा मिळाली नव्हती, ते माळी येथे नावानिशी पुढे आले असे म्हणता येईल. पुढे सोसायटीची बाग कलकत्त्यात अलीपूरला झाली.

योगायोग असा, की त्याच १८२० साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेल्लारीहून बेळगावास आले आणि आमच्या मंडळ्यांचा पाया पडला. बेळगावच्या आसपासच्या तांबड्या मातीत आज बटाटा आणि कोबी पिकतो, निपाणीच्या काळ्या रानात तंबाखू उभी असते, प्रत्येक स्वयंपाकघरात मिरची आहे. यांपैकी एकही आमच्या मातीतली मूळची नव्हे. बटाटा, तंबाखू, मिरची अमेरिकेतून आल्या, कोबी युरोपातून आला. त्या सगळ्या कॅरींनी आणल्या असे आम्ही म्हणत नाही. बऱ्याचशा पोर्तुगीजांबरोबर त्यांच्या जन्मापूर्वीच या किनाऱ्यावर पोचल्या होत्या. पण प्रत्येकीचे पहिले बी कोणीतरी कोणाच्या तरी बागेतून पिशवीत घालून आणले असणार, आणि त्या माणसाचे नाव कोणत्याही रकान्यात नाही.

आता डेझीची गोष्ट. ही इंग्लंडातल्या कुरणात पायाखाली येणारी अगदी क्षुद्र वनस्पती आहे. शेवंतीच्या कुळातली, पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळा ठिपका. तिकडे तिला कोणी मुद्दाम लावीत नाही. वेंटवर्थ येथील कूपर नावाच्या गृहस्थांनी कॅरींना बियाण्याची एक पिशवी पाठवली होती. पुड्या काढून झाल्यावर कॅरींनी रिकामी पिशवी बागेच्या एका कोपऱ्यात झटकली, की तळाशी काही चुकार बी राहिले असेल तर वाया जाऊ नये. काही दिवसांनी त्या जागी काहीतरी उगवले. निरखून पाहिले तर ती डेझी होती. कोणी ती पाठवली नव्हती, कोणी मागितलीही नव्हती. देश सोडून ३० वर्षे होत आली होती आणि हे फूल पुन्हा दृष्टीस पडेल अशी त्यांना आशा नव्हती. युरोप सोडल्यापासून इतका साधा आणि इतका गोड आनंद आपल्याला झाला नव्हता, अशा अर्थाचे त्यांनी कूपर यांना कळवले. बंगालच्या हवेत ते रोप वर्षभर तग धरीना, म्हणून ते दर हंगामाला त्याचे बी धरून ठेवीत आणि पुढल्या हंगामाला पुन्हा पेरीत. गीतकार जेम्स माँटगोमरी यांच्या कानी ही हकीकत गेली आणि त्यांनी तिच्यावर कविता केली.

आम्ही ही गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला कवितेपेक्षा पिशवी झटकणे अधिक आवडले. दुसऱ्याने दिलेल्या वस्तूतला कणही फुकट जाऊ द्यायचा नाही, ही त्यांची सवय होती. ती सवय नसती तर डेझी कागदाबरोबर केरात गेली असती.

१८२३ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कलकत्त्याहून परतताना होडीतून उतरता उतरता ते घाटावर पडले आणि मांडीच्या सांध्याला भारी दुखापत झाली. ते बिछान्याला खिळले असतानाच दामोदर नदीला पूर आला, बांध फुटले आणि सेरामपुरात पाणी शिरले. तेवीस वर्षे जमवलेली बाग पाण्याखाली गेली. नदीचा काठ खचू लागला म्हणून राहते घरही सोडावे लागले. उठून बसवत नव्हते अशा माणसाला ही बातमी खाटेवर सांगण्यात आली. बरे झाल्यावर कुबड्यांच्या आधाराने ते पुन्हा त्या चिखलात गेले आणि बाग पुन्हा उभी करू लागले, ६२ व्या वर्षी.

१८३३-३४ मध्ये शरीर थकत चालले. चालणे बंद झाले तेव्हा खुर्चीत बसवून त्यांना बागेतून फिरवून आणीत. तेही झेपेना तेव्हा माळी रोज खोलीत येऊन बागेची खबर देई. काय फुलले, कशाने बी धरले, कोणत्या वाफ्यात काय करायचे, ते सारे बिछान्यावरून ठरे. मृत्युपत्रात त्यांनी आपला शंखशिंपले, खनिजे व किड्यांचा संग्रह आणि वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सेरामपूर कॉलेजला देऊन टाकला होता. मुलगा जेबेझ याला देण्यासाठी १,५०० रुपये हवे होते. ते हाताशी नव्हते, म्हणून पुस्तके विकून ते द्यावेत असे लिहून ठेवले. अंबोयनाहून झाडे पाठवणारा जेबेझ तो हाच.

बागेविषयी मात्र त्यांचे मन स्वस्थ नव्हते. एके दिवशी ते फार खिन्न दिसले, तेव्हा मार्शमन यांनी कारण विचारले. आपण गेल्यावर मार्शमनबंधू बागेत गाई सोडतील, असे कॅरी म्हणाले. ते थट्टेत म्हणाले की खरोखरीच्या भीतीने, हे कोणी सांगावे. चौतीस वर्षे एका अंगणात राहिलेल्या दोन म्हाताऱ्यांचे बोलणे ते. मार्शमन यांना झाडापेडांची कॅरींइतकी आवड नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होते. मार्शमन यांनी शब्द दिला, की ही बाग जपणे आपण पवित्र कर्तव्य समजू.

ता. ९ जून १८३४ रोजी सकाळी कॅरी निवर्तले. दुसऱ्या दिवशी सेरामपूरच्या मिशन कबरस्तानात त्यांना मूठमाती देण्यात आली.